‘बाई, तुम्हाला कसं कळलं?’ – घरातल्या सैनिकाची गोष्ट मुलांना सांगताना



प्रजासत्ताक दिन जवळ आला की आपल्या प्राथमिक शाळांतून भाषणांची तयारी सुरू होते. आमच्या सातारा जिल्ह्यात तर जवळजवळ प्रत्येक वर्गात एखादं मूल असं निघतंच, ज्याच्या घरी कुणीतरी फौजेत होतं किंवा आहे. मग भाषणात एक वाक्य हमखास येतं, “माझ्या पणजोबांना युद्धात वीरमरण आले.” टाळ्या पडतात. आपणही टाळ्या वाजवतो आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारतो.

मीही असं भाषण केलं आहे. चौथीत असताना, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले. ‘छातीवर गोळी झेलून, शेवटच्या श्वासापर्यंत बंदूक न सोडता’ ते पडले, असं मी हातवारे करून सांगितलं होतं. दुसरा नंबर आला. ते प्रशस्तिपत्र माहेरी अजून भिंतीवर आहे.

शिक्षिका झाल्यावर हीच गोष्ट मी दोन वर्षांपूर्वी परिपाठात माझ्या मुलांना सांगितली. गोष्ट संपल्यावर चौथीतल्या एका मुलाने हात वर केला.

“बाई, तुम्हाला कसं कळलं? तिथं बघायला कोण होतं?”

मी म्हटलं, “माझ्या आजोबांनी सांगितलं.”

“मग ते होते का तिथं?”

मुलं हसली. मी विषय बदलला. पण खरं सांगते, दिवसभर तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आजोबा तिथे कसे असणार? वडील लढाईवर गेले तेव्हा ते पाळण्यात होते. आबांनी त्यांच्या वडिलांना कधी पाहिलंच नव्हतं. डी.एड.ला असताना इतिहासाच्या अध्यापनात ‘आधार पद्धती’चा पाठ मी स्वतः घेतला होता. ‘आधाराशिवाय इतिहास नाही’ असं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. आणि माझ्याच घरच्या गोष्टीला आधार काय होता? काहीच नाही.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे : आपल्या घरातला सैनिक युद्धात कसा गेला, हे शोधायला मुलांना मदत करा. ‘वीरमरण’ हा शब्द लिहायचाच असेल तर शोध संपल्यावर लिहा, सुरुवातीला नको. हा शब्द सुरुवातीलाच लिहिला की पुढचे सगळे प्रश्न बंद होतात.

कागद घरातच होता

त्या मे महिन्याच्या सुट्टीत मी माहेरी गेले आणि माळ्यावरची जुनी पत्र्याची ट्रंक खाली काढली. सातबाऱ्याचे उतारे, जुन्या पावत्या, आणि खाली एका फडक्यात पणजीचे पेन्शनचे कागद. इंग्रजीत. शेवटी तिच्या अंगठ्याचा ठसा. हा कागद शंभर वर्षं घरात होता, पण तो कुणी वाचला नव्हता. त्यात पणजोबांचा नंबर होता, पलटण होती – ११० वी मराठा लाइट इन्फंट्री – आणि मृत्यूच्या रकान्यात लिहिलं होतं की युद्धकैदी असताना मृत्यू, सप्टेंबर १९१६.

गोळी नाही. छाती नाही. कैदेत.

देव्हाऱ्यातही एक वस्तू होती. ताटलीएवढी कांस्याची गोल चकती. तिच्यावर सिंह, आणि सिंहामागे हातात त्रिशूळ घेतलेली उभी बाई. आमच्या घरी तिला देवी समजून पिढ्यान्‌पिढ्या हळदीकुंकू वाहिलं जात होतं. ती चकती म्हणजे पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेलं स्मृतिचिन्ह. ती बाई म्हणजे ब्रिटानिया. मी कुंकवाचा थर हळूच पुसला तेव्हा खाली पणजोबांचं नाव निघालं. कडेने इंग्रजीत लिहिलं आहे की हा माणूस स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. आपला देश तेव्हा पारतंत्र्यात होता, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. ते स्वतःच विचारतात, “कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, बाई?”

दोन तारखा शेजारी ठेवल्या की

आता पुढचं काम चौथी-पाचवीच्या मुलालाही जमेल असं होतं. ११० वी मराठा पलटण सप्टेंबर १९१६ मध्ये कुठे होती?

इराकला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत. तिथे टायग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा नावाचं गाव आहे. डिसेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडच्या हाताखालची फौज या गावात तुर्की सैन्याने वेढली. त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार लोक मेले किंवा जखमी झाले, पण वेढा फुटला नाही. आत धान्य संपत आलं. घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. आपल्याकडच्या अनेक शिपायांनी ते मांस खायला नकार दिला, म्हणून हिंदुस्थानातल्या धर्मपंडितांची आणि मौलवींची संमती बिनतारी संदेशाने मागवावी लागली. भाजीपाला नसल्याने आपल्या शिपायांना स्कर्व्ही झाला. आपण पाचवीला ‘क जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रोग’ म्हणून शिकवतो ना, तोच. हिरड्यांतून रक्त येणारा.

२९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंडने शरणागती पत्करली. सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे भिश्ती, खेचरवाले, सफाईवाले असे मिळून सुमारे १३ हजार लोक कैद झाले. आधीच उपाशी आणि आजारी असलेल्या या माणसांना उन्हाळ्यात वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं. बगदाद, मोसुल आणि पुढे. बऱ्याच हिंदी कैद्यांना रास-अल-ऐन इथे रेल्वेच्या कामाला जुंपलं. ते ठिकाण आज सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेवर आहे. हजारो लोक परत आलेच नाहीत. तिकडे टाउनशेंडसाहेबांना मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात ठेवलं होतं.

आता त्या दोन तारखा वहीत शेजारी शेजारी लिहा. शरणागती : एप्रिल १९१६. पणजोबांचा मृत्यू : सप्टेंबर १९१६. मधे पाच महिने. त्या पाच महिन्यांत त्यांच्या हातात बंदूक असणं शक्यच नव्हतं. ते तापाने गेले, हगवणीने गेले की रुळांवर काम करता करता कोसळले, याचा कागद नाही. पण ते कसे गेले नाहीत, ते मला आता नक्की माहीत आहे.

नानांचा प्रश्न

हे घरी सांगितल्यावर माझे चुलते, आमचे नाना, गप्प झाले. नंतर म्हणाले, “बाय, शंभर वर्षं झाली. आता कैदेत मेले म्हणून सांगून काय मिळणार तुला? लोक म्हणतील, शरण गेले.”

नानांना वाईट वाटण्याचं कारणही होतं. गावातल्या शाळेच्या आवारात त्याच वर्षी सैनिकांच्या नावांचा फलक लागणार होता आणि त्यावर पणजोबांच्या नावापुढे ‘रणांगणावर वीरमरण’ असं लिहायचं शाळा व्यवस्थापन समितीत ठरलं होतं.

पालकहो, नानांचा प्रश्न खोटा नाही. तुमच्याही घरी हाच प्रश्न येईल, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

पहिली गोष्ट, शरण जायचा निर्णय शिपाई घेत नसतो, सेनापती घेतो. पाच महिने उपाशी राहून जागा न सोडणारा माणूस भित्रा कसा? दुसरी गोष्ट, आजारपणाने किंवा उपासमारीने आलेलं मरण कमी प्रतीचं, हे आपण मनात का धरून बसलो आहोत? गोळीचं मरण क्षणाचं. पाच महिने उपाशी राहायचं, मग उन्हातून शेकडो मैल चालायचं, मग परक्या मुलखात रुळांवर घाम गाळायचा आणि एक दिवस उठायचंच नाही, याला आपल्या भाषणात जागा का नाही? कारण त्यावर टाळ्या पडत नाहीत.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. आपण गोळीची गोष्ट सांगत राहिलो तर त्या माणसाचं खरं दुःख पुसून टाकतो. त्याच्याशी जे प्रत्यक्षात घडलं ते कुणालाच ठाऊक राहत नाही. आपण ज्याला वंदन करतो तो आपणच बनवलेला दुसरा माणूस असतो.

असंच पुसण्याचं काम मोठ्या प्रमाणावरही झालं आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं नसलेल्या सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं, त्याचं उद्घाटन १९२९ साली झालं. त्यावर ४० हजारांहून जास्त लोकांचं स्मरण आहे. गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. पण साध्या हिंदी शिपायांसाठी फक्त पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. माझे पणजोबा त्या दगडावर नाव नाहीत, एका आकड्यातला एक आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था अशा स्मारकांची देखभाल करते. २०२१ मध्ये तिने स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. परक्या सरकारने त्यांचं नाव गाळलं, आपण त्यांचं मरण गाळलं. दोन्ही वाईटच.

गोळीची गोष्ट कुणी सांगितली असेल?

या सगळ्या शोधात मला पणजोबांपेक्षा पणजी जास्त सापडली. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता. कोरडवाहू शेतीच्या घरात ते ११ रुपये म्हणजे मोठा आधार. पणजोबा फौजेत का गेले याचं उत्तर बहुतेक त्यातच असावं. ते गेल्यावर ही बाई एका तान्ह्या पोराला घेऊन राहिली. पेन्शनसाठी तालुक्याच्या गावी पायी जायची आणि अंगठा उठवायची.

कैदेत मेल्याचं तिला कुणीतरी वाचून दाखवलं असणारच. मग आबांना छातीवरच्या गोळीची गोष्ट कुणी सांगितली? मला वाटतं, तिनेच. “माझा बा कसा मेला?” असं पाच वर्षांच्या पोराने विचारल्यावर उपासमार, वाळवंट, कैद हे ती कसं सांगणार? तिने पोराला झोप लागेल अशी गोष्ट सांगितली. मला तिचा राग येत नाही. उलट आईच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पण ती गोष्ट एका लहान पोरासाठी होती. आपण मोठे झालो तरी तीच सांगत राहिलो, व्यासपीठावर सांगितली, बक्षीस घेतलं. ही चूक तिची नाही, आपली आहे.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

शिक्षक मित्रहो, हा उपक्रम चौथी ते सातवीपर्यंत सहज होतो. मी दोन वर्षं करून घेते आहे. अनुभवातून काही गोष्टी सांगते.

१) सुरुवात घरातून. ट्रंका, फोटोंच्या मागची बाजू, पेन्शनचे कागद, पदकं. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर बारीक अक्षरात शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक चिंच किंवा राख लावून घासू नका, अक्षरं झिजतात. मुलांना भिंग द्या. त्यांना फार आवडतं.

२) पलटणीचं नाव जुळवून घ्या. १९२२ साली मराठा पलटणींची नावं बदलली आणि त्यांची मिळून ५ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी आणि ११७ ची पाचवी. याच तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माझ्या वर्गातल्या मुलांना हा धागा कळला तेव्हा त्यांचे डोळे मोठे झाले होते. घाडगे खरोखरच गोळ्या झेलत लढले आणि त्याचा लेखी पुरावा आहे. म्हणजे शौर्याची गोष्ट सांगू नका असं मी म्हणत नाही. जी ज्याची आहे ती त्याची सांगा.

३) वर सांगितलेल्या कमिशनच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. बसऱ्याच्या दगडावर नसलेली शिपायांची नावं छापील नोंदवहीत होती, ती आता तिथे दिसतात. आडनावाची अक्षरं मात्र इंग्रज कारकुनाने ऐकू येतील तशी लिहिली आहेत. जाधवचं जाधाव, पवारचं पोवार, गावाच्या नावाचं तर काहीही. मुलांना आधी एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगं लिहायला सांगा. इंग्रजीचा तासही होऊन जातो. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि तालुकाही असतो, तो नक्की ताडून बघा. सारख्या नावाचे अनेक शिपाई होते.

४) मृत्यूची तारीख मिळाली की पलटण त्या वेळी कुठे होती ते शोधा. प्रत्येक पलटणीची रोजनिशी असे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या महायुद्धातल्या रोजनिश्या आहेत आणि ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो. हे काम मोठ्यांनी करायचं, तारखा जुळवायचं काम मुलांनी.

५) स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांतले सैनिक असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर, जे २०१९ मध्ये खुलं झालं, स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावं कोरली आहेत.

६) गावात जुनी संगमरवरी पाटी आहे का बघा. चावडीत, देवळाच्या भिंतीत, कधी शाळेच्याच पडवीत. ‘या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यातले इतके मेले’ अशा पाट्या इंग्रजांनी गावोगावी लावल्या होत्या. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पाटीवर आकडा असतो, नावं नसतात. नावं शोधणं हाच प्रकल्प.

७) वहीत तीन रकाने करा : ‘कागद काय सांगतो’, ‘घरचे काय सांगतात’, ‘आम्हाला काय वाटतं’. तिसऱ्या रकान्यातली गोष्ट पहिल्यात गेली की खोडायला लावा. माझ्या मते वर्षभराच्या इतिहासातून मुलांनी एवढं जरी शिकलं तरी पुष्कळ झालं.

दोन पथ्यं मात्र पाळा. ज्या मुलाच्या घरी अलीकडे कुणी गेलं आहे, वडील किंवा काका, त्याला हा प्रकल्प देऊ नका. ते दुःख ताजं असतं, त्याचा अभ्यास करायचा नसतो. आणि ज्याच्या घरी सैनिक नव्हता त्याला कमी लेखू नका. कुतमध्ये भिश्ती आणि खेचरवालेही अडकले होते. शिवाय मागे राहून घर चालवणाऱ्या बायका होत्या. त्यांच्याही गोष्टी शोधण्यासारख्या आहेत.

फलकावर काय लिहिलं

शाळेच्या फलकाचं काय झालं, तेही सांगते. मी समितीला कागदाची झेरॉक्स दाखवली. बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाले, “मुलांना स्फूर्ती कशी मिळणार?” मी म्हटलं, “त्या मुलाने मला विचारलं तेच उद्या पाहुण्यांना विचारलं, कसं कळलं, तर आपण काय सांगणार?” शेवटी नानाच उठून म्हणाले, “कागदात आहे तेच लिहा.”

फलकावर आता पणजोबांचं नाव, नंबर, पलटण आणि खाली ‘युद्धकैदी असताना निधन, १९१६’ एवढंच आहे. वीरमरण हा शब्द नाही. तरी या वर्षी १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर नाना त्या ओळीसमोर टोपी काढून बराच वेळ उभे होते. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाले, “ते रास-अल-ऐन का काय म्हणतेस, ते नकाशात दाखव की मला.”

मी मोबाईलवर दाखवलं. त्यांनी साताऱ्यापासून तिथपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, “लांब आहे गं.”

पालकांनो, तुमच्या माळ्यावरही अशी एखादी ट्रंक असेल. या सुट्टीत मुलांना घेऊन ती खाली काढा. मूल विचारेल, “कसं कळलं?” तेव्हा त्याच्या हातात कागद द्या.